अद्भुतालाही शब्द पाळावा लागतो

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षांची परंपरा असलेल्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून सुपरहीरोंच्या चित्रपटांचा विचार व्हावा, याचे काहींना नवल वाटेल. अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून आकाशात उडणारा नायक हा पोरासोरांच्या करमणुकीचा विषय; त्याला तर्क कसला आणि विश्वसनीयता कसली, असा एक सर्वसाधारण समज आहे. ‘मुळात माणूस उडतो हेच खोटे, मग पुढच्या खोट्याचा हिशेब कशाला?’ असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतो. हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. परंतु गोष्टी ऐकण्याची आणि वाचण्याची सवय असलेल्या समाजाने तो फार पूर्वीच निकालात काढलेला आहे.

त्यासाठी दूर जायला नको. या ग्रंथालयाच्या बालविभागात ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘चांदोबा’तील विक्रम आणि वेताळ आठवत असतील. राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो, त्या प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. आणि बोलला, तर मौन मोडले म्हणून वेताळ प्रेतासह पुन्हा झाडावर जाईल. प्रेत बोलते कसे, असे कोणत्याही मुलाने कधी विचारले नाही. पण समजा, एखाद्या महिन्याच्या अंकात राजा बोलला आणि तरीही वेताळ मुकाट्याने खांद्यावर बसून राहिला, तर? तेच मूल तत्काळ हटकेल, ‘हे असे कसे?’ बोलणारे प्रेत त्याला चालते, मोडलेली अट चालत नाही. आजचा सारा विषय या एका ‘असे कसे’मध्ये सामावलेला आहे.

कथेत दोन प्रकारचे सत्य असते. पहिले बाहेरचे. आगीने हात भाजतो, आधार सुटला की दगड खाली पडतो, हे त्याचे नियम. दुसरे कथेने स्वतः घालून दिलेले सत्य. अद्भुतकथा पहिल्या सत्यातून सवलत मागते आणि त्या बदल्यात दुसऱ्याचे पालन अधिक काटेकोरपणे करण्याचे कबूल करते. हा करार कुठे लिहिलेला नसतो; पण तो मोडल्याचे प्रेक्षकाला कळल्यावाचून राहत नाही. आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे : गोष्ट ‘पटणे’. खरी नसलेली गोष्टही पटू शकते आणि प्रत्यक्ष घडलेली गोष्टसुद्धा पटत नाही. न पटणाऱ्या शक्यापेक्षा पटणारे अशक्य कवीने पत्करावे, असे ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात सुचवले, त्याचा आशय हाच आहे.

भारतीय साहित्यशास्त्रात तर या प्रश्नाचा विचार अधिक सूक्ष्मपणे झालेला आहे. नवव्या शतकातील काश्मीरचा आचार्य आनंदवर्धन रसभंगाचे कारण अनौचित्यात पाहतो आणि उदाहरण देतो ते आजच्या विषयाला लागू पडेल असेच. केवळ मानव असलेल्या राजाने सात समुद्र ओलांडल्याचे वर्णन कितीही बहारदार केले, तरी ते नीरस होते, असे तो म्हणतो. यावर शंका घेतली जाते की, सातवाहनासारखे राजे नागलोकात गेल्याच्या कथा तर प्रसिद्ध आहेत! आनंदवर्धनाचे उत्तर असे की, राजाच्या असामान्य प्रभावाला आमची हरकत नाही. जी कथा कवीने नव्याने आणि निव्वळ माणसाच्या पातळीवर रचली, तिच्यात दिव्याचे औचित्य आणून जोडू नये, एवढेच आमचे म्हणणे. म्हणजे शक्ती किती मोठी हा प्रश्नच नाही. ती पात्राच्या घडणीत आहे की ऐन वेळी बाहेरून चिकटवलेली आहे, हा प्रश्न आहे. पुढे अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी सात विघ्ने सांगितली, त्यांतले पहिलेच संभाव्यतेच्या अभावाचे आहे. जे घडू शकेल असे मनाला वाटतच नाही, त्यात मन गुंतणार कसे, असा त्याचा रोख. लोकोत्तर पराक्रम दाखवायचे तर ज्यांच्याविषयी दीर्घकाळ श्रद्धा रुजलेली आहे असे रामासारखे नायक घ्यावेत, हा त्यावरचा त्याचा उपाय.

पुराणकथांनी हे पथ्य किती कसोशीने पाळले आहे, ते पाहण्यासारखे आहे. हिरण्यकशिपूला वर मिळालेला : माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही, जमिनीवर नाही, आकाशात नाही, शस्त्राने नाही. प्रत्यक्ष भगवंतच मारायला येणार, तर त्याने वराची पर्वा का करावी? पण कथा तशी जात नाही. नरसिंह खांबातून प्रकटतो तो तिन्हीसांजेला. उंबरठ्यावर बसतो, दैत्याला मांडीवर घेतो आणि नखांनी विदारतो. एकही कलम न मोडता काम होते. कीर्तनात हा प्रसंग ऐकताना श्रोत्यांच्या अंगावर काटा येतो, त्यात देवाच्या बळाइतकाच वाटा देवाने दुसऱ्याचा शब्द सांभाळल्याचा असतो.

वाल्मीकींच्या सुंदरकांडातही असाच एक प्रसंग आहे. समुद्र ओलांडून आलेला हनुमान सीतेला आपल्या पाठीवरून नेण्याची तयारी दाखवतो. सीता नकार देते आणि कारणेही सांगते : वेगामुळे पडण्याचे भय, वाटेत राक्षसांशी युद्ध होण्याचा धोका, स्वेच्छेने परपुरुषाचा स्पर्श न करण्याचा निर्धार, आणि सुटका रामाच्याच हातून होण्यात असलेला त्याचा मान. ‘हनुमान उडू शकतो, तर सेतू कशाला आणि युद्ध कशाला?’ हा प्रश्न श्रोत्याच्या मनात उद्भवणार, हे कवीला ठाऊक होते. त्याने तो टाळला नाही. कथेतच विचारला आणि सीतेच्या स्वभावातून त्याचे उत्तर दिले.

चित्रपट जन्माला आला तेव्हा हे पथ्य त्याच्याकडेही आले. याच वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके हे कॅमेऱ्याच्या चमत्कारांचे आपल्याकडील पहिले मोठे जाणकार. त्यांच्या १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. त्या चित्रपटाच्या आरंभी ही लहान मुलगी चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव प्रेक्षकांना दाखवते आणि मग तिच्या जागी हळूहळू वेषभूषा केलेला कृष्ण दिसू लागतो. फाळक्यांनी जणू आधीच कबुली दिली : ही मुलगी आहे, आता ती कृष्ण होणार आहे. कबुली दिल्यानंतर कालियाच्या फण्यांवर नाचणारा तो बाळकृष्ण प्रेक्षकांनी मनोमन स्वीकारला. फसवणूक आणि भ्रमनिर्मिती यांत हाच फरक आहे. भ्रमनिर्मितीत प्रेक्षक भागीदार असतो.

आता ज्या नायकापासून या साऱ्या परंपरेची गणना होते, त्या सुपरमॅनकडे वळू. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांचा हा मानसपुत्र १९३८ साली अमेरिकेतील ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. तेव्हा तो उडत नव्हता. लांबच लांब उड्या मारत असे. त्याच्या शक्तीचे कारणही पहिल्याच कथेत दिलेले होते. तो एका प्रगत ग्रहावरचा; मुंगी आपल्या वजनाच्या कित्येक पट ओझे उचलते, नाकतोडा आपल्या देहाच्या मानाने प्रचंड उडी घेतो, तसेच हे, असा दाखला दिलेला होता. शास्त्राच्या कसोटीवर हा दाखला टिकणार नाही. तरीही कारण देण्याची गरज लेखकाला वाटली, हे महत्त्वाचे. पुढे तो उडू लागला, त्याचे बळ वाढत गेले. आणि बळ वाढले तशी त्याच्या निर्मात्यांपुढे अडचण उभी राहिली. ज्याला काहीच होऊ शकत नाही, त्याची काळजी कोण करणार? १९४३ साली सुपरमॅनच्या नभोनाट्यमालिकेत क्रिप्टोनाइट आले. त्याच्याच नष्ट झालेल्या ग्रहाचा हा तुकडा त्याला दुर्बल करतो. नायकाला मर्यादा मिळाली आणि कथेला जीव आला.

१९७८ साली रिचर्ड डॉनर यांनी ‘सुपरमॅन’ हा भव्य चित्रपट केला. चित्रीकरणाच्या काळात त्यांनी आपल्या कचेरीत सत्याभास या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची पाटी लावली होती. माणूस उडू शकतो यावर तुमचा विश्वास बसेल, असे आश्वासन त्या चित्रपटाच्या जाहिरातीने दिले होते. ते पुरे झाले त्यात छायाचित्रणाच्या युक्त्यांचा वाटा मोठा होता, त्यांना विशेष ऑस्करही मिळाले; परंतु खरे श्रेय ख्रिस्तोफर रीव्ह या नटाचे आहे. लोइस लेनच्या घरातल्या एका प्रसंगात ती आत गेलेली असताना क्लार्क केंट चष्मा काढतो, पाठीचा कणा सरळ करतो, त्याचा आवाज खाली उतरतो आणि क्षणभर खोलीत दुसराच पुरुष उभा राहतो. मग धीर न होऊन तो पुन्हा खांदे पाडतो. केवळ चष्म्यामुळे कोणी ओळखू कसे येत नाही, या जुन्या शंकेचे निरसन त्या क्षणात होते.

त्याहून महत्त्वाचा प्रसंग आधीचा आहे. क्लार्क अजून शाळकरी तरुण आहे. शेतावरच्या वाटेवर त्याचे मानलेले वडील जोनाथन केंट त्याला सांगतात की, तू या जगात काही कारणासाठी आला आहेस. मग बापलेक घराकडे धाव घेतात आणि काही पावलांवरच वडिलांना हृदयविकाराचा झटका येतो. दफनभूमीवर क्लार्क आईजवळ खंत व्यक्त करतो की, एवढ्या शक्ती असूनही आपण त्यांना वाचवू शकलो नाही. संपूर्ण चित्रपटातले हे सर्वांत खरे वाक्य. आगगाडीच्या पुढे धावणारा मुलगा एका थकलेल्या हृदयापुढे हात टेकतो. प्रेक्षकांत ज्या कोणी घरचे माणूस गमावलेले असेल, त्याला या परग्रहवासीयाचे दुःख ओळखीचे वाटते. कोणत्याही शक्तीला मृत्यूपुढे थांबावे लागते, असा शब्द चित्रपटाने येथे दिलेला असतो.

उत्तरार्धात खलनायक लेक्स लूथर दोन क्षेपणास्त्रे दोन दिशांना सोडतो आणि सुपरमॅनला क्रिप्टोनाइटच्या साहाय्याने पाण्यात जखडतो. लूथरची सहकारी मिस टेशमाकर त्याला सोडवते, पण आधी एक वचन घेते : न्यू जर्सीकडे निघालेले क्षेपणास्त्र पहिल्यांदा अडवायचे, कारण तिथे तिची आई आहे. सुपरमॅन वचन पाळतो. त्यामुळेच कॅलिफोर्नियात पोचायला त्याला उशीर होतो. दुसऱ्या क्षेपणास्त्राने झालेल्या भूकंपात लोइस मोटारीत गाडली जाऊन मरते. शब्द पाळण्याची केवढी ही किंमत! येथपर्यंतची रचना एखाद्या शोकांतिकेला शोभेल अशी आहे.

आणि इथेच चित्रपट आपला शब्द मोडतो. मानवी इतिहासात हस्तक्षेप करू नकोस, ही जन्मदात्या पित्याची आज्ञा सुपरमॅनच्या कानात घुमते. मानलेल्या पित्याचे बोलही आठवतात. तो आकाशात झेप घेतो, पृथ्वीभोवती प्रचंड वेगाने फिरतो, काळ उलटा वळतो आणि लोइस जिवंत होते. चित्रपटगृहात टाळ्या पडतात. घरी परतताना मात्र मनात एक खडा टोचत राहतो. काळ मागे नेता येत होता, तर जोनाथन केंट अजून त्या थडग्यात का? ज्या अश्रूंनी प्रेक्षकाने त्या मुलाशी नाते जोडले, ते अश्रू मग वाया गेले काय? आज्ञा मोडल्याचे प्रायश्चित्तही कुणाला घ्यावे लागत नाही. कथाकाराने येथे अक्षरशः वेळ मारून नेली.

या एका चमत्काराचे ओझे पुढच्या भागावरही पडले. ‘सुपरमॅन–२’मध्ये त्याच्याच ग्रहावरचे तीन गुन्हेगार पृथ्वीवर थैमान घालतात, तेव्हा प्रेक्षक सहज म्हणतो, ‘फिरव की पुन्हा पृथ्वी!’ हनुमानाविषयीचा तसाच प्रश्न वाल्मीकींनी सीतेच्या तोंडून सोडवला होता. इथे त्याला उत्तर नव्हते.

याच्या उलट उदाहरण सॅम रेमी यांच्या २००४ सालच्या ‘स्पायडर-मॅन–२’चे. यातला पीटर पार्कर घरभाडे थकलेला, नोकरी गमावलेला, सदा उशीर होणारा तरुण आहे. मनाच्या ओढाताणीत त्याची शक्तीही त्याला दगा देते. सुसाट सुटलेली आगगाडी थांबवण्याच्या प्रसंगी तो नवी शक्ती शोधून काढत नाही. ठाऊक असलेले तेच जाळे दोन्ही हातांनी इमारतींवर फेकतो, अंगावरचे कपडे फाटतात आणि गाडी थांबताच तो शुद्ध हरपून कोसळतो. त्याचा मुखवटा गेलेला आहे. उतारू त्याला अलगद हातांवर झेलून आत नेतात, त्याचा कोवळा चेहरा पाहतात आणि कुणाला सांगणार नाही असे आश्वासन देतात. गाडी अशा रीतीने थांबेल की नाही, हे अभियंत्यांनी सांगावे. प्रेक्षकाला पटते, कारण त्या शक्तीची मोजलेली किंमत त्याला समोर दिसते.

आपल्याकडे शेखर कपूर यांचा ‘मिस्टर इंडिया’ १९८७ साली आला. त्यातील यंत्राने नायक अदृश्य होतो, पण लाल प्रकाशात दिसतो. पदार्थविज्ञान असे सांगते की, पूर्णपणे अदृश्य झालेला माणूस आंधळाच असायला हवा, कारण त्याच्या नेत्रपटलावर प्रकाश अडणारच नाही. एच. जी. वेल्सच्या १८९७ सालच्या कादंबरीतला अदृश्य माणूस कडाक्याच्या थंडीत उघडा हिंडतो, कारण कपडे अदृश्य होत नाहीत. मिस्टर इंडियाचे कपडेही दिसेनासे होतात. म्हणून एक चूक आणि दुसरा बरोबर असे ठरत नाही. प्रत्येक कलाकृतीचे नियम तिचे स्वतःचे. लाल प्रकाशाची अट एकदा घातल्यावर ती खलनायकालाही वापरता येते आणि नायकालाही भोवते, एवढे पुरे. त्या चित्रपटात बाँबस्फोटात मेलेली चिमुरडी टीना परत येत नाही. म्हणून नायकाचा संताप प्रेक्षकाचा होतो.

अलीकडच्या काळात या प्रश्नाने मोठे रूप घेतले. २०१८ साली ‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’च्या अखेरीस थॅनॉस चुटकीसरशी विश्वातील निम्मी जीवसृष्टी नाहीशी करतो. ती परत येणार हे सर्वांना ठाऊक होते. उत्सुकता होती ती किंमत काय पडणार याची. ‘एंडगेम’ने २०१९ साली ती किंमत पायरीपायरीने दाखवली. त्या रत्नांच्या वापराने थॅनॉसचा हात होरपळला होता, हल्कसारख्या बलाढ्याचाही हात जळाला. म्हणून टोनी स्टार्क हा मर्त्य माणूस तीच रत्ने आपल्या हातावर घेतो, तेव्हा पुढे काय होणार हे प्रेक्षक त्याच्याआधी जाणतो आणि त्याचा जीव कंठाशी येतो. आदल्या चित्रपटात डॉक्टर स्ट्रेंजने १,४०,००,६०५ भविष्ये पाहून त्यांतल्या एकातच विजय असल्याचे सांगितले होते. त्या एका भविष्याचा अर्थ या मरणाने उलगडतो. त्याच चित्रपटात म्हातारा होऊन परतलेला स्टीव्ह रॉजर्स मधली वर्षे नेमका कोणत्या काळप्रवाहात राहिला, याविषयी मात्र लेखक आणि दिग्दर्शक यांनी वेगवेगळी स्पष्टीकरणे दिली. कर्त्यांचेच एकमत नाही, तिथे प्रेक्षकांत वाद होणार हे ओघानेच आले. त्यानंतर अनेक समांतर विश्वांची कल्पना सरसकट वापरात आली. एका विश्वात मेलेल्याची प्रतिकृती दुसऱ्या विश्वातून आणता येऊ लागली. अशा वेळी प्रेक्षकाने शोक करावा की पुढच्या भागाची वाट पाहावी?

यावर एक आक्षेप संभवतो. प्रेक्षक भावनेसाठी येतो, हिशेब तपासायला येत नाही. लोइस जिवंत झाली, सर्वांना आनंद झाला, एवढ्याने भागत नाही काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. नियम तंतोतंत पाळूनही रुक्ष राहिलेले चित्रपट पुष्कळ आहेत. सुसंगतीने रस निर्माण होतोच असे नाही. पण भावना ज्या जमिनीवर उभी राहते, ती जमीन सुसंगतीची असते. नायकाला इजा होऊ शकते, म्हणून त्याचे पुढे होणे हे धैर्य ठरते. गेलेले परत येत नाही, म्हणून त्याग हा त्याग असतो. ज्याच्या हाती ऐन वेळी कोणतीही शक्ती येऊ शकते, त्याने काय पणाला लावले? नियम गेला की पाठोपाठ शौर्य जाते, आणि अद्भुतकथेजवळ मग निव्वळ गोंगाट उरतो.

‘पोरांचे चित्रपट’ म्हणून जे या बाबतीत सूट देतात, त्यांनी लहान मुलाला रोज रात्री एकच गोष्ट सांगून पाहावी. राक्षसाचा प्राण काल पोपटात होता आणि आज चुकून मैनेत गेला, तर अर्धवट झोपेतले पोर डोळे उघडते. ‘आजी, काल तू पोपट म्हणाली होतीस.’ आजीला हार मानून प्राण पुन्हा पोपटात ठेवावा लागतो. त्या पोराला राक्षस हवा असतो, पोपट हवा असतो, आणि जगात दिलेला शब्द टिकतो एवढा भरवसाही हवा असतो. तो भरवसा गोष्टीने दिला नाही, तर कुणी द्यावा?

आरंभी वेताळाची आठवण काढली, तिथेच शेवट करणे योग्य होईल. वेताळपंचविशीचा शेवट कसा होतो? राजा वेताळावर तलवार उपसत नाही, कुणी देव मदतीला धावून येत नाही. शेवटच्या कोड्याचे उत्तर राजाला खरोखरच सुचत नाही. उत्तर ठाऊक नसल्याने मस्तक फुटत नाही आणि तो गप्प राहिल्याने मौनही मोडत नाही. राजाच्या अज्ञानातूनच सुटका निघते, आणि प्रसन्न झालेला वेताळ त्याला पुढच्या संकटाची सूचना देतो. घातलेल्या अटीचे एक अक्षरही न बदलता ती कथा संपते. कोट्यवधी डॉलर खर्चून आकाशात माणसे उडवणाऱ्यांनी हे जुने पुस्तक एकदा चाळावे. ते याच ग्रंथालयाच्या कपाटात आहे.